मागच्या डाव्या बाजूचा पत्रा

तुम्ही खोटं लिहिलंत.

ताडकळसचा दुकानदार गुरुसिद्धप्पा याला चौकशीसाठी मानवतला नेलं, चौकशी करून त्याच दिवशी सोडलं, तो स्वखुशीनं पायी निघून गेला, असं तुम्ही कागदावर लिहिलंत. खाली सही केलीत, वर शिक्का मारलात. तो कागद त्याच्या बायकोनं, भागम्मानं, ट्रंकेत घडी करून ठेवलाय. मी तो वाचलाय. कचेरीचं उर्दू मला कुणी मास्तरनं शिकवलं नाही, स्टेशनावरच्या पाट्या बघत बघत मी ते शिकलो, तरी तुमची ती ओळ मला नीट लागली. पायी निघून गेला.

गुरुसिद्धप्पा पायी कुठंही गेला नाही. तो तुमच्या मोटारीत बसून गेला आणि पुढं चार महिने तुमच्या मोटारीतच बसून होता. हे मला ठाऊक आहे, कारण ज्या पत्र्यावर तो बसला होता तो पत्रा मी माझ्या हातानं कापून काढला.

तुमचं नाव मी लिहीत नाही. वाचताना तुम्हाला कळेल की हे तुम्हाला आहे, तेवढं पुरे.

माझं नाव मन्मथअप्पा. पूर्णेला स्टेशनच्या मागं, लिंबाच्या झाडाखाली माझी पत्र्याच्या कामाची शेड आहे. त्याआधी बारा वर्षं मी रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये बॉयलरला रिबिटं ठोकली. लिंगायत वाण्याच्या पोटी जन्मून तराजूऐवजी हातोडा धरला म्हणून माझे भाऊबंद अजून नाकं मुरडतात. मुरडू देत. पत्रा खोटं बोलत नाही एवढं त्या बारा वर्षांत मला कळलं. पत्र्यावर कुठं पाणी साचलं, कुठं वजन पडलं, कुठं कुणी घाव घातला, सगळं तो धरून ठेवतो.

गेल्या चैत्रात तुमचा ड्रायव्हर चंद्रभान मोटार घेऊन माझ्या शेडपुढं उभा राहिला. काळी, बंद टपाची, दहा-बारा वर्षांची मोटार. लढाईत नव्या मोटारी यायच्या बंद झाल्या होत्या, म्हणून तुम्हाला हीच नव्यासारखी करून पाहिजे होती. चेपलेले मडगार्ड, उडालेला रंग, हे किरकोळ. खरं काम आत होतं. मागच्या बैठकीपुढचा, पाय ठेवायचा पत्रा पार सडला होता.

चंद्रभान मानवतकडचा कुणब्याचा माणूस, तोंडाचा तिखट. म्हणाला, “साहेबाचा बूट पत्र्यातून खाली जायलाय, अप्पा. एखाद्या दिवशी साहेब बसल्या जागी पायानं चालाय लागतील आन् मला वाटंल मोटार पळायलीय.”

मी हसलो. मग मोटारीभोवती एक फेरी मारली आणि तीन गोष्टी मला खटकल्या.

एक म्हणजे गंज. आमच्या मुलखात पावसाळा सोडला तर हवा इतकी कोरडी की लोखंड उघड्यावर पडलं तरी वर्षानुवर्षं नुसतं काळवंडतं. इथं तर टप असलेल्या मोटारीच्या आत पत्रा सडला होता. मी चंद्रभानला विचारलं तर तो म्हणाला, धुतली होती. आतून. दहा-बारा बादल्या पाणी ओतून. मोटार बाहेरून धुतलेली मी पाहिली आहे, आतून धुतलेली ती पहिलीच.

दुसरी म्हणजे मोटार मागं डावीकडं खचलेली होती. चाकावर पोलादी पट्ट्यांची कमान असते, ती वजन पेलते. मला वाटलं डावी कमान मोडली असेल. खाली शिरून पट्टी न् पट्टी ठोकून पाहिली, एकही मोडलेली नव्हती. आत कुणी नाही, सामान नाही, तरी डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली.

तिसरी, ड्रायव्हरच्या डोक्यापुढचा आरसा. मागचं दिसावं म्हणून तो असतो. चंद्रभाननं तो टपाकडं वळवून ठेवला होता. मी सरळ करायला हात घातला तर त्यानं माझं मनगट धरलं. म्हणाला, मागं साहेब बसतात, त्यांना बघितलेलं खपत नाही. बोलताना त्याचा हात गार होता. चैत्राच्या दुपारी.

तो गेल्यावर मी मागची बैठक काढली. खालचं जाजम कोरं होतं. सगळ्या मोटारीत तेवढंच एक नवं. ते उचललं आणि मी उकिडवा बसून राहिलो.

गंज कसा चढतो ते मला विचारा. तो कडेनं येतो, जोडातून येतो, स्क्रूच्या भोवती गोल पसरतो. मधोमध सपाट पत्र्यावर तो सहसा सुरू होत नाही. हा मधोमध होता. उजवी बाजू चकचकीत, रंगासकट. डाव्या बाजूला पुढं दोन गोल डाग, दोन्हीकडं फाकलेले, आणि मागं एक रुंद बूड. कडा अशा स्वच्छ की छिन्नीनं आखल्यासारख्या. लहान पोरालाही कळलं असतं. मांडी घालून माणूस बसला होता, तोंड पुढं करून.

गादी होती तरी तो खाली बसला होता. म्हणजे तुम्ही गादीवर आणि तो तुमच्या बुटांशी.

तेव्हा मला नाव माहीत नव्हतं. सांगायचं म्हणजे, नाव माझ्या मनात आलं होतं आणि मी ते मागं ढकललं होतं. तुमच्या मोटारीतून त्याआधीच्या हिवाळ्यात बरीच माणसं गेली.

मी कापायला घेतलं. गंजलेला पत्रा कापताना नुसता सडका भाग काढून चालत नाही, निरोगी पत्रा लागेपर्यंत मागं जावं लागतं, नाहीतर नवा पत्रा जुन्याचा रोग घेतो. छिन्नी घेऊन मी कडेकडेनं गेलो. तुकडा उचलला तेव्हा हाताला ऊब लागली. शेडमध्ये ऊन येत होतं, म्हटलं उन्हानं असेल. पण ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

पत्र्याखाली मोटारीच्या आडव्या दांड्याची पन्हाळ असते. तीत माती साचली होती. माती खरवडताना छिन्नीला मऊ काहीतरी लागलं. चिंधीत गुंडाळलेली चांदीची डबी. लिंगाची डबी, आम्ही गळ्यात बांधतो ती.

डबीच्या कडीला एक ओबडधोबड टाका होता. तो टाका माझा होता.

आदल्या श्रावणात गुरुसिद्धप्पा माझ्याकडं आला होता. कडी तुटली होती. सोनाराकडं जा म्हटलं तर म्हणाला, सोनार आठ दिवस ठेवून घेईल, मला आत्ता पाहिजे. डबी उघडून त्यानं आतलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, वर रुमाल झाकला, आणि मी टाका लावीपर्यंत घटकाभर तसाच बसून राहिला. मी चहा मागवला तर घेतला नाही, हात मोकळा नाही म्हणाला. काम झाल्यावर कडी ओढून बघत हसला. “चांदीला इंजिनाचा टाका लावलाव की, अप्पा. आता मी तुटंन, हे तुटायचं न्हाई.”

असा माणूस. घटकाभरही लिंग हातावेगळं न करणारा.

वाचणाऱ्यांतल्या काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्यात मूल जन्मलं की लिंग बांधतात, बाईला, गड्याला, सगळ्यांना. ते जिवंतपणी अंगावेगळं होत नाही. माणूस गेला की आम्ही त्याला जाळत नाही. मांडी घालून मातीत बसवतो आणि त्याचं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतो. मग त्याचा प्रवास संपला.

डबीचा दोरा तुटलेला नव्हता. गाठ सोडलेली होती, आणि दोरा डबीभोवती नीट वेढे घालून, शेवटचं टोक आत खोचून ठेवलं होतं. त्याच्या डाव्या गुडघ्याखाली पत्र्याला जुनं भोक होतं, तीन बोटं जातील एवढं. त्यातून त्यानं डबी स्वतः खाली सोडली होती. तुमच्या बुटांशी बसून, तुमच्या डोळ्यांदेखत. तुमच्या माणसांचे हात तिला लागू नयेत म्हणून. म्हणजे आपलं काय होणार हे त्याला कळलं होतं.

आणि त्याचा गुन्हा काय, तर राज्याविरुद्ध लढायला सरहद्दीकडं जाणाऱ्या पोरांना दुकानातले फुटाणे दिले.

त्याच दिवशी मी ताडकळसला जायला पाहिजे होतं. गेलो नाही. भ्यालो. तुमची मोटार माझ्या शेडमध्ये उभी होती आणि तुमचे शिपाई दिवसाआड येऊन काम कुठवर आलं बघत होते. मी डबी फळीवर चुन्याच्या डब्यामागं ठेवली. पण सकाळी आंघोळ करून माझं लिंग तळहातावर घेतलं, भस्म लावलं, आणि चुन्याच्या डब्यामागचं ते उपाशी राहिलंय असं मनात आलं. मी ते काढलं आणि माझ्या लिंगाशेजारी, माझ्याच डाव्या हातावर ठेवलं. दोघांना एकच बेल वाहिला. मला वाटलं, चांगलं करतोय.

तीन आठवडे मी रोज तसं केलं.

दिवसभर नवा पत्रा घडवत होतो. जुन्या वॅगनचा अठरा गेजचा तुकडा मिळाला होता. पुठ्ठ्याचा नमुना कापला, पत्र्यावर आखला, बाभळीच्या ठोकळ्यावर ठोकून त्याला पन्हाळी पाडल्या. बसवला, काढला, कानशीनं घासला, पुन्हा बसवला. चाळीस रिबिटं मारली. मग जवसाच्या तेलात शेंदूर कालवून दोन्ही बाजूंनी दोन हात दिले. लोखंडावर शेंदूर बसला की गंजाची टाप नाही. रेल्वेचे पूल त्याच्यावर उभे आहेत.

तिसऱ्या दिवशी शेंदरातून दोन ठिपके वर आले. पुढं, जिथं गुडघे होते तिथं.

मी खरवडले. पुन्हा शेंदूर दिला. दोन दिवसांत ते आधेलीच्या नाण्याएवढे झाले आणि मागं बुडाची कड उमटली. रिबिटं तोडून मी पत्राच काढला आणि दुसऱ्या वॅगनचा, दुसऱ्या गावच्या भंगारातला पत्रा लावला. त्यालाही चौथ्या दिवशी तेच. शेंदरावर तपकिरी मांडी, पुढं तोंड करून. येणारीजाणारी लांबून बघून विचारायची, अप्पा, मोटारीत कोणता देव बसवलाय. मी जाजम टाकून दार लावून घ्यायला लागलो.

आणि एक दिवस, भर दुपारी, मी मोटारीखाली उताणा पडून नट आवळत होतो. पातळ पत्र्यावर बसलेल्या माणसानं मांडी बदलली की पत्रा टक् करतो. कुणीही बसून बघावं. माझ्या नाकापासून वीतभर वर पत्रा टक् झाला. मी पाना थांबवला. थोड्या वेळानं पुन्हा, मांडी परत पहिल्यासारखी घातल्यावर होतो तसा. बाहेर येऊन दार उघडलं. आत ऊन पडलं होतं. शेंदूर ओला वाटत होता, हात लावला तर कोरडा.

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माझा डावा तळहात तांबूस झालाय. साबणानं गेला नाही, राखेनं गेला नाही, रॉकेलनं गेला नाही.

भागम्मा दर सोमवारी पूर्णेला यायची. कुणाच्या तरी बैलगाडीतून ताडकळसहून निघायची आणि फलाटावर बसायची. कागदात पायी गेला असं लिहिलंय, तर पायी गेलेला माणूस कुठंतरी दमेल आणि गाडीनं परत येईल, हा तिचा हिशोब. सगळ्या गाड्या बघून झाल्या की माझ्या शेडवर येऊन पाणी प्यायची. कपाळावर कुंकू, कारण नवरा मेला असं कुणी सांगितलं नव्हतं. पण ते लावताना हात थांबतो, असं तिनं एकदा बोलून दाखवलं होतं. तिला दुसरं काही नको होतं. आहे की नाही, आणि नसेल तर कुठं, एवढंच.

वैशाखातल्या पहिल्या सोमवारी मी तिला पाण्याचा तांब्या दिला आणि तिनं माझा तळहात बघितला. कशानं झालं म्हणून विचारलं. मला खोटं सुचलं नाही. मी चुन्याच्या डब्यामागून डबी काढून तिच्यापुढं ठेवली.

ती रडली नाही. आधी टाका बघितला, मग सोडलेली गाठ बघितली, वेढे बोटानं मोजले. मग मी तीन आठवडे काय केलं ते सगळं सांगितलं. पूजेचंही सांगितलं, पत्र्यावरच्या मांडीचंही.

तिनं डबी ओच्यात घेतली. “ज्याचं त्याच्याच हातात बसतंय, अप्पा. तुमी ते परक्या हातात बसवलं. आता ते उठतील कशाला? त्यांचं हितंच हाय म्हणून बसून राहिलेत.”

ती उठून मोटारीपाशी गेली, जाजम बाजूला सारलं आणि पत्र्याकडं बघत उभी राहिली. गुरुसिद्धप्पाचा उजवा गुडघा लहानपणी बैलाच्या लाथेनं अधू झाला होता, म्हणून तो नेहमी डावा पाय वर घेऊन मांडी घालायचा. पत्र्यावरही डावी बाजू वर होती. इतके दिवस बघूनही मला ते दिसलं नव्हतं.

एवढ्यात चंद्रभान आला. मोटार न्यायला आला होता. बाईला बघून तो मागच्या मागं निघाला, पण भागम्मानं त्याला नावानं हाक मारली आणि बसायला सांगितलं. तो शेडच्या उंबऱ्यावर बसला आणि बोलला. मी सांगतोय ते त्याचं आहे.

तुम्ही, तुमचा एक शिपाई आणि गुरुसिद्धप्पा, तिघं मोटारीत होता. ताडकळस सोडल्यावर तुम्ही मोटार गाडीवाटेनं आत घ्यायला लावलीत. मग चंद्रभानला डबा देऊन लांबच्या विहिरीवरून इंजिनासाठी पाणी आणायला धाडलंत. इंजिनात पाणी भरपूर होतं. तो गेला, आणि मुद्दाम सावकाश गेला. परत आला तेव्हा दिवस कलला होता, तुम्ही गादीवर एकटे होता, शिपाई मातीचे हात झाडत होता. तुम्ही चल म्हणालात. तो मानवतपर्यंत चालवत गेला. मानवतला तुम्ही तो कागद लिहिलात.

“मोटार हलकी व्हायला पाहिजे होती,” चंद्रभान म्हणाला. “न्हाई झाली. म्हणून आरशात बघितलं. साहेबाच्या पायापाशी डोकं दिसलं. नुसतं कपाळ, आन् त्याच्यावरलं भस्म. साहेब त्याच्यावरून बाहेर बघायलते.”

कोणत्या जागी, ते त्याला सांगता येईना. त्या वाटेला सगळ्या बाभळी सारख्या, सगळी रानं काळी सपाट, आणि मधल्या काळात नांगरट झालेली. भागम्मानं थोडा विचार केला आणि म्हणाली, मोटारीला ठाऊक असेल.

काम झाल्यावर मोटार चालवून बघायची रीत आहे, त्याला तुमचीही हरकत नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी डाव्या बाजूच्या पायरीवर उभा राहिलो, एका हातानं टप धरून, नजर मागच्या चाकावर. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये माझी तीन बोटं जात होती. उजवीकडं पाच जायची. भागम्मा गादीवर बसली नाही. उजव्या बाजूला, पत्र्यावर, त्या डागाशेजारी मांडी घालून बसली, ओच्यात डबी. तिचं वजन उजवीकडं पडूनही मोटार डावीकडंच कललेली राहिली.

ताडकळस गेलं. गाडीवाट लागली. चंद्रभान आरशाकडं न बघता चालवत होता. मी बाभळी मोजत होतो आणि बोटं घालून बघत होतो. तीन. तीन. तीन.

एका ओढ्याच्या अलीकडं पत्रा टक् झाला, मोठ्यानं, आणि माझ्या पायाखालची पायरी वर आली. मी बोटं घातली. पाच गेली.

चंद्रभाननं ब्रेक लावला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

“उतरले,” भागम्मा म्हणाली.

वैशाखात काळं रान भेगाळतं, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ते रानही भेगाळलं होतं. बांधाला लागून एका ठिकाणी मात्र एकही भेग नव्हती. मांडी घालून माणूस बसेल एवढी गोल जागा, सारवल्यासारखी. बाजूच्या भेगा तिच्यापर्यंत येऊन वळून गेल्या होत्या.

भागम्मा गुडघ्यावर बसली. “हातानं उकरू, अप्पा. आत्ताच.”

इथं मी चुकलो. तुमच्या खोटेपणाइतकीच माझी ही चूक मला छळते, म्हणून तीही लिहितो. मी नको म्हणालो. आमच्या मठाच्या स्वामींना बोलवू, भस्म आणू, मीठ आणू, बेल आणू, चार पंच उभे करू. रीतीनं काढू आणि रीतीनं बसवू. आणि विनापरवाना उकरलं तर आम्हीच मारून पुरला असं तुम्ही म्हणाल, ही भीती. मला लिहिता येत होतं ना. आपलं आपण शिकलेल्या माणसाला कागदावर फार भरवसा असतो. भागम्मा जमिनीवर तळहात टेकून बसली होती. मी तिला उठवलं.

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहिला. कोणती वाट, कोणता ओढा, बांधापासून किती हात, कितवी बाभळ, सगळं. दुसऱ्या दिवशी तुमच्याच कचेरीत दिला, दुसरी कचेरी होती कुठं. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली. मी ती खिशात जपून आणली. मोटारही त्याच दिवशी तुम्ही घेऊन गेलात. तिचा नवा पत्रा तेव्हा कोरा होता. मी निघताना जाजम उचलून बघितलं होतं, शेंदूर लालभडक, डाग गेलेला. माझा तळहातही साफ झाला होता.

आठ दिवस उत्तर आलं नाही. नवव्या दिवशी आम्ही स्वामींना घेऊन, भस्माची पोतडी आणि मिठाची गोणी गाडीत टाकून तिथं गेलो. अर्जात मी लिहिलेल्या बरोबर त्या जागी कमरेएवढा खड्डा होता. ताजा. कडांना कुदळीचे घाव. तळाशी ओलसर मातीत दोन गोल खळगे आणि एक बूड उमटलेलं, डावी बाजू वर. आणि काही नाही. एक हाडही नाही.

भागम्मा खड्ड्यात उतरली आणि त्या उमटलेल्या जागेशेजारी बसली. बराच वेळ बसली. वर आल्यावर तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की मीठ परत घेऊन चला, वाया जाऊ नये.

चंद्रभाननं त्या आठवड्यात नोकरी सोडली. आता मानवतला औत धरतो. विचारायला गेलो तर बैलांशी बोलत राहिला. निघताना मात्र पाठमोराच म्हणाला की मधे सरळ केलेला आरसा शेवटच्या दिवशी त्यानं पुन्हा टपाकडं वळवला.

मग भादव्यात फौज आली, राज्य बदललं. लोकांनी साखर वाटली. मला वाटलं आता तुम्ही पळाल. तुम्ही टोपी बदललीत. खुर्ची तीच, कचेरी तीच, मोटारही तीच, पुढं झेंडा तेवढा दुसरा. कार्तिकात परभणीच्या रस्त्यावर ती माझ्या शेजारून गेली. तुम्ही मागं उजव्या कोपऱ्यात बसला होता, पाय आखडून. डावीकडची सगळी गादी मोकळी. आणि मोटार मागं डावीकडं दोन बोटं खचलेली होती.

मी बनवलेला पत्रा आहे तो. त्याच्यावर काय उमटलंय ते मला बघायची गरज नाही. तुम्हालाही नसेल, तुम्ही पाय आखडून बसता.

भागम्मा अजून दर सोमवारी येते. फलाटावर जात नाही, सरळ माझ्या शेडमध्ये येऊन बसते. गळ्यात तिचं लिंग, ओच्यात त्याचं. त्याचं ती तळहातावर घेत नाही. कपाळाचं काय करायचं ते तिला अजून ठरवता येत नाही, म्हणून सोमवारी कुंकू असतं आणि मंगळवारी ती ते पुसते. साधी गोष्ट मागते ती. त्याला बसवायचं आणि त्याचं त्याच्या हातात द्यायचं.

मी दुसरा अर्ज करणार नाही. अर्ज करून काय होतं ते मी बघितलंय. म्हणून हे सगळ्यांपुढं लिहितोय आणि सगळ्यांपुढं विचारतोय.

त्या खड्ड्यातून काढून गुरुसिद्धप्पाला तुम्ही कुठं नेलंत? जागा सांगा. सांगायची नसेल तर मोटार द्या, एका दिवसासाठी. मी पायरीवर उभा राहीन, भागम्मा उजवीकडं बसेल. जिथं मोटार वर येईल तिथं या वेळी आम्ही हातानं उकरू, तिथंच, त्याच घटकेला.

जागा की मोटार? उत्तर द्या.